उन्हाळ्यातली आपल्या भागाची खबरबात वेळेवर कशी पोचवायची?

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी,

एप्रिल लागला की आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी एकच प्रश्न येतो, "आज पाणी येणार का?" त्यावर तीन जणांची तीन उत्तरं. त्यातलं एक गेल्या वर्षीच्या पत्रकातलं असतं, कारण फिरत असलेल्या फोटोत "येत्या गुरुवारी" एवढंच दिसतं, तारीख कापली गेलेली असते.

आम्ही पुण्यात आंबिल ओढ्याच्या पट्ट्यात राहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूनं आलेला लोंढा टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर या भागात काय करून गेला हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यामुळे आमच्यासाठी उन्हाळा म्हणजे पाणी, वीज आणि सुट्ट्या एवढाच विषय नाही. ओढ्याचा गाळ निघाला का, पुलाखालचा राडारोडा उचलला का, सीमाभिंतीचं काम कुठवर आलं, हे सगळं मे संपायच्या आत कळायला हवं. पाऊस सुरू झाला की यंत्र ओढ्यात उतरत नाही.

म्हणून आम्ही काही जणांनी दर पंधरवड्याला एक पानाचं पत्रक काढायचं ठरवलंय. पाणी, वीज, मिळकतकर, खोदाई, नालेसफाई, झाडं. सोसायट्यांच्या लिफ्टपाशी लागेल आणि वस्तीत ते हातात दिलं जाईल. तुमच्या भागात असं कुणी करतं का? काय घालावं, काय टाळावं, आणि उत्साह दुसऱ्या महिन्यात मावळू नये म्हणून काय करता? सविस्तर लिहा.

सावनी_त

चांगला विषय. वाचतेय. आमच्याकडे कळतं ते फक्त टाकीतलं पाणी संपल्यावर.

तळजाईवाला

पहिल्या पानावर मिळकतकर घ्या. पुण्यात पहिल्या टप्प्यात पूर्ण कर भरला तर सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत मिळते. मुदत एरवी मेअखेर असते, एखाद्या वर्षी वाढवतात, त्यामुळे बिलावरची तारीख बघूनच छापा. मुदत गेली की थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती.

दुसरं, सोलर, पर्जन्यजलसंधारण आणि गांडूळखत प्रकल्प चालू असलेल्या मिळकतींना वेगळी सूट आहे. एक प्रकल्प असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १०. पण प्रकल्प खरोखर चालू हवा. कित्येक सोसायट्यांत गच्चीवरचा पाइप तुटलेला असतो आणि शोषखड्ड्यावर गाडी उभी असते. तो पाइप बसवून घ्यायची वेळ हीच.

आणि स्वतः राहत्या घराची ४० टक्के सवलत. २०२३ पासून ती पुन्हा लागू झाली, तेव्हा पीटी-३ अर्ज भरायला सांगितलं होतं. ज्यांनी भरला नाही त्यांचं बिल जास्त येतं आणि ते निमूट भरतात, विशेषतः एकटे राहणारे ज्येष्ठ. तुमच्या पत्रकानं अशा चार घरांचे पैसे वाचवले तरी काम झालं.

पाटबंधारे_निवृत्त

पाण्याबद्दल लिहिताना टक्केवारी जपून वापरा. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, म्हणून सांगतो.

पुण्याची चार धरणं: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चौघांची मिळून उपयुक्त साठवण सुमारे २९.१५ टीएमसी. त्यात वरसगाव १२.८२ आणि पानशेत १०.६५, म्हणजे खरं पाणी या दोघांत. खडकवासला जेमतेम १.९७. रविवारी चौपाटीवर जाऊन कणीस खाणारा माणूस समोर भरलेलं धरण बघतो आणि "भरपूर पाणी आहे, उगाच कपात करतात" असं ग्रुपवर टाकतो. वरून सोडलेलं पाणी खडकवासल्यात घेऊनच पुढे शहराला आणि कालव्याला जातं, त्यामुळे ते उन्हाळ्यातही बऱ्यापैकी भरलेलं दिसतं. बघायचं तर वरसगाव-पानशेतचं बघा.

शिवाय हे सगळं पाणी एकट्या शहराचं नाही. हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्यातून ठरावीक दिवस सोडलेलं पाणी, याच साखळीतून जातं. किती आणि कधी सोडायचं ते कालवा समितीच्या बैठकीत ठरतं. पत्रकात तीन ओळी पुरेत: चारही धरणांतला आजचा साठा, गेल्या वर्षी याच तारखेचा साठा, आणि कालव्याचं आवर्तन चालू आहे की बंद. एवढं वाचलं की माणूस स्वतः अंदाज बांधतो.

२०२३ मध्ये एल निनोमुळे पाऊस कमी पडेल या भीतीनं १८ मेपासून दर गुरुवारी पाणी बंद ठेवलं होतं. तेव्हा ज्या सोसायट्यांना आठवडाभर आधी कळलं त्यांनी टाक्या धुऊन घेतल्या, गळके व्हॉल्व्ह बदलले. ज्यांना बुधवारी रात्री कळलं त्यांनी बाथरूममधल्या बादल्या भरल्या.

चिंतामणी७

काका, एक टीएमसी म्हणजे नेमकं किती हो? दर वर्षी वाचतो आणि दर वर्षी विसरतो.

पाटबंधारे_निवृत्त

अब्ज घनफूट. लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी.

गुलमोहर

गुरुवारी पाणी बंद, आणि महावितरणचं देखभालीचं कामही पुण्यात पुष्कळदा गुरुवारीच. माझ्या सासूबाईंचा गुरुवारचा उपास असतो. त्या म्हणतात, बरंय, स्वयंपाकाचं तरी अडत नाही. :)

विजेची सूचना जरूर घाला. मान्सूनपूर्व कामात तारांना लागणाऱ्या फांद्या छाटतात, तेव्हा चार-पाच तास वीज जाते. आमच्या इमारतीत एक आजोबा घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहेत. आदल्या दिवशी कळलं तर भरलेला सिलिंडर मागवून ठेवता येतो. तक्रारीचा क्रमांक १९१२ मोठ्या अक्षरात छापा.

किरकटवाडी_मीरा

आमचं थोडं वेगळं दुःख मांडते. ३० जून २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात आमचं गाव होतं. त्याआधी १ मेला ग्रामसभा व्हायची. मारुतीच्या पारासमोर सतरंज्या, एक कर्णा, आणि सरपंचांना तोंडावर विचारता यायचं की विहिरीत औषध कधी टाकणार, टँकर कुठल्या आळीला आधी. भांडणं व्हायची, पण घरी जाताना माणसाला माहीत असायचं की पुढच्या महिन्यात काय होणार.

शहरात आल्यावर ते संपलं. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. म्हणजे ग्रामपंचायत गेली आणि तिच्या जागी विचारायला कुणी आलं नाही. २०२५ च्या जानेवारीत आमच्याच पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण सापडले. पाणी उकळून प्या हे बऱ्याच घरांना टीव्हीवरून कळलं, गल्लीतून नाही. मला त्याचा अजून राग आहे.

ओढ्याकाठी, तुमचं पत्रक नुसती माहिती देणारं नको. त्यात प्रश्न विचारायची जागाही हवी.

शेतमळा

मीराताई, तुमचा राग समजतो, पण ग्रामसभेचं एवढं कौतुक नको. माझ्या गावात १ मेच्या ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही म्हणून ती तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग सात जणांत ठराव मंजूर. बायका तर मागच्या भिंतीला टेकून बसतात, त्यांना कुणी बोलूच देत नाही. कर्णा होता म्हणजे ऐकून घेतलं जायचं असं नाही.

किरकटवाडी_मीरा

आमच्याकडे बायका बोलायच्या. पाणी आम्हीच भरतो ना. तुमच्या गावचं खोटं आहे असं म्हणत नाही, पण सभा वाईट चालते म्हणून सभाच नको, हे पटत नाही.

कायदा_वाचा

दोघांच्या मुद्द्याला धरून. शहरांसाठीही ग्रामसभेसारखी सोय कायद्यात आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात क्षेत्रसभेची तरतूद आहे. लागून असलेल्या काही मतदान केंद्रांचे मतदार एकत्र येतात, नगरसेवक अध्यक्ष असतो, आणि भागातल्या कामांवर, त्रुटींवर चर्चा होते. नगरसेवक आता निवडून आलेत. पत्रकाच्या पहिल्याच अंकात "आपल्या प्रभागाची क्षेत्रसभा कधी?" असं ठळक विचारा आणि त्याच मजकुराचं पत्र क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली पोच. फोनवरच्या "बघतो" ला काही अर्थ नसतो.

पुण्यात २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग घेतात. पदपथ, बाकडी, दिवे, गटाराची झाकणं अशी ५ लाखांपर्यंतची कामं सुचवता येतात. अर्ज पावसाळ्यात निघतात, पण जागा बघून, फोटो काढून ठेवायचं काम उन्हाळ्यातच होतं.

पंचगंगा

कोल्हापूरहून. आमच्याकडे पत्रक नाही, तालमीचा फळा आहे. चौकात तालीम मंडळाच्या भिंतीवर काळा फळा, त्यावर खडूनं रोज लिहायचं. उन्हाळ्यात पाणी कुठल्या वेळेला, कुणाकडे लग्न म्हणून रस्ता बंद, रक्तदान शिबिर कधी. जूनपासून त्याच फळ्यावर राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आमच्या पोरांनाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं.

आम्ही मे महिन्यात करतो ते एक काम सांगतो, ते तुमच्या ओढ्यालाही लागू पडेल. दोन्ही पुरांत पाणी कुठवर आलं ते भिंतींवर रंगानं आखून ठेवलंय. मेमध्ये पोरं तो रंग पुन्हा ताजा करतात. भाड्यानं नवीन आलेल्या कुटुंबाला पातळीचा आकडा काही सांगत नाही. दाराच्या कडीच्या वर दोन बोटं गेलेली निळी रेघ बघितली की कागदपत्रं माळ्यावर ठेवावी लागणार हे आपोआप कळतं.

फळ्याचा फायदा म्हणजे कालचं पुसूनच आजचं लिहावं लागतं. जुनं फिरत राहत नाही.

सावनी_त

पंचगंगा, फळ्याची कल्पना फार आवडली. रेघेची तर त्याहून.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत गेली बरीच वर्षं आहोत. उन्हाळ्यात टाउनशिपचं पत्रक घरी येतं: कचऱ्याच्या तारखा, लॉनला पाणी कधी घालायचं नाही, वाचनालयाचे मुलांसाठीचे कार्यक्रम, कुठला रस्ता कधी खोदणार. मला सर्वांत उपयोगी वाटते ती सभेची सूचना. या राज्यात १९७५ चा कायदा आहे. कौन्सिलच्या नियमित सभेची तारीख, वेळ, जागा आणि माहीत असेल तेवढी विषयपत्रिका निदान ४८ तास आधी जाहीर करावी लागते. आमच्या शेजारचे गुजराती काका दर सभेला जातात आणि आपल्या वाट्याच्या मिनिटांत मुद्देसूद बोलून येतात. त्यांच्यामुळे आमच्या चौकात पादचाऱ्यांसाठी दिवा लागला.

चिंतामणी७

अमेरिकेचं सांगू नका हो. तिथे कौन्सिलच्या हद्दीत किती लोक आणि आमच्या एका प्रभागात किती!

एडिसनकर

खरं आहे, आकाराची तुलना होत नाही. पण ४८ तास आधी विषय सांगणं याला लोकसंख्या आड येत नाही, एवढंच म्हणायचं होतं.

वडाची_पारंबी

झाडांबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. मे महिन्यात सोसायट्यांना एकदम जाग येते आणि "धोकादायक फांद्या" म्हणून अख्खं झाड बोडकं करतात. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली आपल्या आवारातलं झाड असलं तरी उद्यान विभागाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांच्या पुढची झाडं वारसा वृक्ष धरली जातात. अर्ज एप्रिलमध्ये द्या, कारण पाहणी होऊन परवानगी यायला वेळ लागतो. शिवाय पावसाच्या तोंडावर बगळे, रातबगळे पर्जन्यवृक्षांवर घरटी करतात. तेव्हा करवत लावली तर पिल्लं खाली पडतात. मी ती रस्त्यावरून उचलली आहेत, पुन्हा उचलायची इच्छा नाही.

आणि वाळलेली पानं जाळू नका. उघड्यावर कचरा जाळला तर राष्ट्रीय हरित लवादानं ५,००० रुपये दंड ठरवला आहे. पानं जाळायची नाहीत म्हणून रस्त्याकडेच्या जाळीत ढकलायची, हेही नको. आमच्या कोपऱ्यावरची जाळी मागच्या आठवड्यात उचलून बघितली. वर गुलमोहराच्या पाकळ्या, त्याखाली पानांचा चिखल, त्याखाली दुधाच्या पिशव्या, आणि तळाशी कुणाच्या तरी बांधकामाचं घट्ट झालेलं सिमेंट. पाणी जाणार कुठून?

गुलमोहर

माझ्या पाकळ्यांबद्दल क्षमस्व!

बाकी अगदी पटलं. आम्ही पानांसाठी जाळीचा पिंप केलाय, वर्षभरात झकास खत होतं. कुणाला हवं तर सांगते, वेगळा धागा काढू.

गोदाकाठ

नाशिकमध्ये सिंहस्थाची कामं चालू आहेत, रस्ते जागोजागी खोदलेत. आमच्या कॉलनीत एका काकूंनी सोपी युक्ती काढली. घंटागाडी आली की सगळे खाली उतरतातच. त्याच पाच मिनिटांत त्या मोठ्यानं सांगतात, "उद्या अमुक रस्ता बंद, शाळेची बस मागच्या चौकात." ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्या कामवाल्या मावशी, वॉचमन, सगळ्यांपर्यंत पोचतं. पत्रकाला अशी एक बोलणारी व्यक्ती जोडा.

रात्रपाळी

एक गंभीर गोष्ट. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून सोडलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) वर गेलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत शिरलं. लोक झोपेत होते. माझी बहीण तिथेच राहते. तिच्या फोनवर त्या रात्री मेसेज होते, पण इतक्या ग्रुपवर इतके की खरा कुठला ते ओळखू येत नव्हतं. एक तर जुन्या पुराचा व्हिडिओ होता.

म्हणून माझी हात जोडून विनंती: तारीख, वेळ आणि माहिती कुणाकडून घेतली, हे तीन नसेल तर ती ओळ पत्रकात घेऊ नका. आणि रात्री दार वाजवणारी माणसं कोण, कुठल्या इमारतीला कोण जाणार, तळमजल्यावर एकटे कोण राहतात, हे मेमध्येच ठरवून ठेवा.

कायदा_वाचा

रात्रपाळी यांना पूर्ण अनुमोदन. फक्त एकटे राहणाऱ्यांची यादी पत्रकात छापू नका, चोरांना आयतीच मिळेल. ती दोघा-तिघांच्या वहीत असू द्या. तसंच सफाईच्या कोठीवरच्या मुकादमाचा किंवा पाणी सोडणाऱ्या माणसाचा खासगी मोबाइल नंबर छापू नका. लोक रात्री अकराला त्या बिचाऱ्यांवर ओरडतात. महापालिकेचा टोल फ्री क्रमांक १८०० १०३० २२२ द्या आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायला सांगा.

नवीन_सभासद

अवांतर: उन्हाळी शिबिरं, पोहण्याचे तलाव, वाचनालयाच्या सुट्टीतल्या वेळा हेही घ्या ना. नुसतं पाणी आणि गाळ वाचून मुलं पान उलटतील.

ओढ्याकाठी

मंडळी, मनापासून आभार. रात्री बसून सगळं वाचलं, घरच्यांनाही वाचून दाखवलं. काय ठरवलं ते लिहितो.

पत्रकाऐवजी आधी फळा. ओढ्याच्या पुलाजवळच्या किराणा दुकानदारांनी भिंत दिली. त्यावर रोज बदलणारं: पाणी, वीज, बंद रस्ते. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि माहिती कुठून आली ते. पत्रक महिन्याला एकच. त्यात करसवलत आणि पीटी-३, धरणसाठ्याच्या तीन ओळी, झाडांच्या परवानगीची माहिती, आणि अर्धं पान मुलांसाठी. मीराताई, मागची बाजू कोरी ठेवतोय, वर फक्त "तुमचा प्रश्न". दुकानात पेटी ठेवू. क्षेत्रसभेचं पत्र तयार आहे, सोमवारी देऊन पोच घेतो.

निळ्या रेघेवर मात्र आमच्यात मतभेद झाले. दोन घरमालक म्हणाले, रेघ दिसली तर भाडेकरू येणार नाहीत. तिथल्याच एका वाड्यातल्या आजी म्हणाल्या, "नाही आले तर नाही आले. पण न सांगता ठेवू नका." त्यांच्या भिंतीवर येत्या रविवारी पहिली रेघ मारतोय. बाकीच्यांशी बोलणं चालू आहे.

नालेसफाईचं अजून अडलंय. काढलेला गाळ काठावरच टाकला आहे. पावसात तो परत ओढ्यात जाणार. कुणाला यात काही करता आलंय का?

वडाची_पारंबी

फोटो काढताना शेजारी ओळखू येईल अशी खूण घ्या, विजेचा खांब किंवा पुलाचा कठडा. तारखेसह पाठवा. आमच्याकडे असाच गाळ दुसऱ्या तक्रारीनंतर उचलला होता. एकट्यानं न करता वीसेक घरांनी वेगवेगळी तक्रार नोंदवली होती.

पंचगंगा

आणि रेघेसाठी ऑइल पेंट घ्या, डिस्टेंपर नको. पहिल्याच पावसात जातो. भिंत आधी घासून कोरडी करा. आजींना आमचा नमस्कार सांगा.

पाटबंधारे_निवृत्त

धरणसाठ्याच्या तीन ओळी मी दर सोमवारी सकाळी याच धाग्यावर लिहीत जाईन. तिथून फळ्यावर उतरवून घ्या.